नेटिव्ह टायटलची संस्था : जमीन कोणाची, ठराव कोणाचा?

तुमचा प्रश्न इतरांसाठी आधी थोडक्यात मांडते. नाशिकहून पर्थला येऊन तुम्हाला चार महिने झाले. पिल्बारातल्या एका अ‍ॅबोरिजिनल समूहाच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, संस्थेत तुम्ही अकाउंट्स सांभाळता (पिल्बारा म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचा लोहखनिजाचा भाग). संस्थेला डायरेक्टर बोर्ड आहे, ठराव नीट लिहिलेले आहेत, ऑडिट स्वच्छ आहे. तरी रोज कोणाचा तरी फोन येतो की खाणकंपनीच्या कराराबद्दल आम्हाला कोणी विचारलंच नाही. परवा एका बाईंनी तुम्हाला सुनावलं, "ही जमीन माझ्या आजीची आहे, तुमच्या बोर्डाची नाही." मॅनेजर म्हणाले, त्या मेंबरच नाहीत, सोडून द्या. आता तुम्ही विचारताय की कायद्याने बरोबर कोण, आणि हे आपल्या हाउसिंग सोसायटीसारखंच आहे ना, मेंबर नाही तर मत नाही?

मी मूळची सांगलीची. गेली १६ वर्षं पिल्बारा आणि त्याच्या उत्तरेकडच्या किंबर्लीतल्या अशा संस्थांची सेक्रेटरी म्हणून काम करते आहे. मी वकील नाही, पण सभा भरवणं, इतिवृत्त लिहिणं, नियामकाला उत्तरं देणं आणि असे फोन घेणं हाच माझा धंदा आहे. तेव्हा आधी उत्तर सांगते : त्या बाई बहुधा बरोबर आहेत.

"बहुधा" म्हणते, कारण बरंचसं तुमच्या संस्थेच्या रूलबुकावर, म्हणजे नियमावलीवर, कोर्टाच्या निकालातल्या शब्दांवर आणि तो करार नेमका कशाबद्दल आहे यावर अवलंबून आहे. ही तिन्ही कागदपत्रं तुमच्या ऑफिसातच असतील. त्यांत काय शोधायचं ते पुढे सांगते.

सोसायटीची उपमा मात्र आजच मनातून काढा. मीही पहिली दोन वर्षं तीच धरून बसले होते. सोसायटीत शेअर सर्टिफिकेट असतं, ज्याच्या नावावर ते, त्याला मत. त्यापेक्षा गावाकडच्या सामाईक सातबाऱ्याचा विचार करा. पणजोबांची जमीन, वाटणी कधी झालीच नाही. चार भावांचा वंश, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मुंबईला गेलेले चुलते. कोणाचं नाव उताऱ्यावर चढलंय, कोणाचं राहिलंय. आता सरकार म्हणालं, एवढ्या सगळ्यांशी आम्ही बोलणार नाही, एक संस्था काढा, पत्रं तिच्याकडे येतील. संस्था निघाली. शंभर सहहिस्सेदारांपैकी चाळीस जण तिचे मेंबर झाले, त्यांतले आठ डायरेक्टर. एवढ्यावरून उरलेल्या साठांचा हिस्सा गेला का? नाही गेला. तुमच्या फोनवरच्या बाई त्या साठांतल्या असणार.

आता मूळ कायदा. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, माबो खटल्याचा निकाल दिला. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मरे बेटावरच्या, म्हणजे मेरच्या, मेरियम लोकांची जमीन ब्रिटिश येण्याआधीपासून त्यांच्या स्वतःच्या रीतीरिवाजांप्रमाणे त्यांचीच होती आणि ब्रिटिश सार्वभौमत्व आल्यामुळे तो हक्क आपोआप नाहीसा झाला नाही, असं कोर्टाने म्हटलं. ज्यांच्या नावाने खटला ओळखला जातो ते एडी कोइकी माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. निकाल त्यांना ऐकायला मिळाला नाही. या आधीपासूनच्या जमीनहक्कालाच नेटिव्ह टायटल म्हणतात. पुढे संसदेने नेटिव्ह टायटल कायदा केला आणि १ जानेवारी १९९४ पासून तो लागू झाला.

यातली तुमच्या कामाची गोष्ट अशी की नेटिव्ह टायटल सरकार देत नाही. ते आधीपासून होतं, कोर्ट फक्त ते ओळखतं. हक्काचं मूळ त्या लोकांच्या स्वतःच्या नियमांत आहे, म्हणून हक्कदार कोण हेही त्याच नियमांवरून ठरतं. कोर्टाच्या निकालात, ज्याला इथे डिटर्मिनेशन म्हणतात, बहुतेक वेळा काही मूळ पूर्वजांची नावं असतात आणि त्यांचे वंशज ते हक्कदार असं लिहिलेलं असतं. त्या बाईंची आजी किंवा पणजी त्यांपैकी कोणाच्या वंशातली असेल आणि समूहाच्या रीतीने त्यांना आपलं मानलं जात असेल, तर त्या हक्कदार आहेत. मेंबरशिपचा फॉर्म भरलाय की नाही, त्याने फरक पडत नाही.

हा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. जिथे फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, जमीन दिली गेली आहे तिथे तो संपलेला आहे. पिल्बारात मेंढ्या-गुरांसाठी दिलेल्या लाखो एकरांच्या पॅस्टोरल लीज आहेत. अशा लीजवर दोन्ही हक्क एकत्र नांदू शकतात असं हायकोर्टाने २३ डिसेंबर १९९६ रोजी विक खटल्यात सांगितलं, पण दोघांत विरोध आला की पशुपालकाचा हक्क वरचढ. म्हणून डिटर्मिनेशनच्या नकाशावर काही भाग "एक्स्क्लुझिव्ह" असतो, म्हणजे बाहेरच्याला आत येऊ द्यायचं की नाही हे समूह ठरवतो, आणि काही "नॉन-एक्स्क्लुझिव्ह", म्हणजे शिकार, पाणी, विधी, मुक्काम असे ठरावीक हक्क. जमिनीखालचं लोखंड दोन्हीकडे सरकारचंच.

डिटर्मिनेशन झालं की हक्क सांभाळायला एक संस्था नेमावीच लागते. तिला सगळे पीबीसी (प्रिस्क्राइब्ड बॉडी कॉर्पोरेट) म्हणतात. ती मूळ रहिवाशांच्या संस्थांसाठीच्या २००६ च्या कॅट्सी कायद्याखाली नोंदवलेली असते आणि तिच्यावर ऑरिक या, अशा संस्थांच्या निबंधकाच्या कार्यालयाची, नियामक म्हणून नजर असते. पीबीसी दोन प्रकारची. एकीत हक्क संस्थेच्या नावावर विश्वस्त म्हणून ठेवलेला असतो, दुसरीत हक्क लोकांकडेच राहतो आणि संस्था त्यांची एजंट असते. तुमची कोणती, हे डिटर्मिनेशनमध्ये आहे. पण ट्रस्टी असली तरी संस्था मालकासारखी वागू शकत नाही. १९९९ चे पीबीसी नियम सांगतात की हक्कांवर परिणाम करणारा निर्णय घेण्याआधी संस्थेने हक्कदारांशी सल्लामसलत करून त्यांची संमती घ्यायची. संमती हक्कदारांची घ्यायची, नुसती मेंबरांची नाही. आणि घ्यायची कशी? त्या समूहाची अशा बाबतीत निर्णय घेण्याची परंपरागत पद्धत असेल तर तीच पाळायची. नसेल, तर लोकांनी मिळून ठरवलेली आणि स्वीकारलेली पद्धत.

बोर्डाचा ठराव इथे कुठे बसतो? गाडी घेणं, माणूस नेमणं, ऑडिटर बदलणं, ऑफिसचं भाडं, हे बोर्डाचं काम. एखाद्या टेकडीवर खाण होऊ द्यायची की नाही, हक्क सोडून द्यायचा की नाही, जमीनवापराचा करार करायचा की नाही, हे लोकांचं काम. लोकांनी ठरवल्यावर बोर्ड त्यावर सही करतं. तुमच्या फाइलीत बोर्डाचा ठराव आहे हे तुम्ही सांगितलंत. त्याच्या मागे लोकांच्या सभेचा कागद आहे का, हे बघा. तो असेल आणि त्या बाई सभेला आल्या नसतील, तर मॅनेजरांचं बरोबर नसलं तरी करार टिकेल. तो नसेल, तर तुमच्या चेअरमनांना आजच सांगा, उद्या नको.

लोकांची सभा कशी असते, ते एकदा पाहिल्याशिवाय कळत नाही. माझी पहिली सभा नोव्हेंबरमधली, पिल्बारातल्या एका गावच्या बास्केटबॉल हॉलमध्ये, बाहेर ४३ अंश. मी प्रोजेक्टर लावून २२ स्लाइड तयार ठेवल्या होत्या. खुर्च्या नाट्यगृहासारख्या रांगेत मांडल्या. लोक आले, त्यांनी एक शब्द न बोलता खुर्च्या उचलल्या आणि घराण्याघराण्यांचे गोल केले. दोन गोल दाराबाहेर, सावलीत. भिंतीवर आम्ही मोठ्या ब्राउन पेपरवर मूळ पूर्वजांची नावं लिहून लावली होती. एक आजी, इथे सगळे त्यांना आंटी म्हणत, काठी टेकत त्या कागदापाशी गेल्या, एका नावावर बोट ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, ज्या टेकडीबद्दल विचारतेस ती या नावाची आहे. त्यांचे लोक बोलू देत. आम्ही ऐकायला आलोय."

माझ्या अजेंड्यावर "मतदान : सर्व उपस्थित" असं छापलेलं होतं. ११० माणसांपैकी त्या टेकडीबद्दल बोलायचा अधिकार होता १४ जणांना, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून. त्या चौदांनी दुपारी बाहेर बसून दोन तास चर्चा केली. त्यात बायकांचं एक बोलणं वेगळं झालं, पुरुषांचं वेगळं, आणि त्यात काय झालं हे मी विचारलं नाही, आजही माहीत नाही. ते आत आले, त्यांनी सांगितलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग कायद्यासाठी हात वर करून मोजणी घेतली. इतिवृत्तात मी आधी त्या चौदांचा निर्णय लिहिला आणि मग उपस्थितांचं मत. वकिलांनी नंतर सांगितलं की तो क्रम लिहिला गेला म्हणूनच कागद भक्कम झाला.

हे सगळीकडे असंच असेल असं समजू नका. काही समूहांत खरोखर सगळ्यांचं एक मत घेतात. काही ठिकाणी ज्येष्ठांची परिषद आधी आणि सभा नंतर. काही ठिकाणी विस्थापन, दडपशाही आणि मुलांना आईबापांपासून तोडून नेण्याच्या सरकारी धोरणाने जुनी पद्धत इतकी विस्कटली की नवी ठरवावी लागली. नवी ठरवणं कायद्याला चालतं. न विचारता गृहीत धरणं चालत नाही.

काही वाचकांना मेंढा-लेखा आठवेल, म्हणून दोन ओळी. गडचिरोलीतल्या त्या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तिथले निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात. वरवर दोन्ही सारखं दिसतं. पण ग्रामसभा राहण्यावरून ठरते : गावातला प्रत्येक प्रौढ आपोआप तिचा घटक. इथे हक्क वंशावरून ठरतो. तुमच्या समूहातले कितीतरी लोक पर्थमध्ये, जेराल्डटनमध्ये, डार्विनमध्ये असतील, कोणी तुरुंगात असेल, कोणी हॉस्पिटलात डायलिसिसवर. मेंढा-लेखात दवंडी पिटली की सभा भरते. इथे एका सभेसाठी मिनीबस, पेट्रोलची कार्डं, मोटेलच्या खोल्या, आणि ज्यांचे पत्ते तीन वर्षांत चारदा बदललेत त्यांचा शोध. बजेटमध्ये सभेच्या खर्चापुढे तुम्हाला जो आकडा दिसतो आणि जो तुम्हाला कदाचित उधळपट्टी वाटत असेल, तो यासाठी असतो. त्याला कात्री लावायचा सल्ला बोर्डाला देऊ नका.

आता घड्याळाबद्दल. हे तुमच्या टेबलाशी थेट संबंधित आहे, कारण लहान ऑफिसात टपाल बहुधा अकाउंट्सवालाच उघडतो.

नेटिव्ह टायटलमध्ये नकाराधिकार नाही. बाहेरच्यांचा इथेच गोंधळ होतो, आपल्या लोकांचा जास्तच, कारण नियमगिरी, म्हणजे ओडिशातल्या ग्रामसभांनी नाकारलेली खाण, आपल्या डोक्यात असते. खाणीचा परवाना द्यायचा झाला की राज्य सरकार कलम २९ ची नोटीस काढतं. तिथून वाटाघाटीचा हक्क सुरू होतो. सहा महिन्यांत करार झाला नाही, तर कोणताही पक्ष राष्ट्रीय नेटिव्ह टायटल ट्रिब्युनलकडे जाऊ शकतो आणि मग ट्रिब्युनल ठरवतं. ट्रिब्युनल "नाही" म्हणू शकतं, पण क्वचित म्हणतं. पहिल्यांदा म्हणालं ते २००९ मध्ये, मार्तू लोकांच्या मुलुखातल्या लेक डिसअपॉइंटमेंट या खाऱ्या सरोवराच्या बाबतीत. (२०२० मध्ये त्याचं नाव कुम्पुपिंटिल असं बदललं, "निराशा" हे नाव तिथल्या लोकांनी ठेवलेलंच नव्हतं.) कायदा लागू झाल्यापासून पहिला नकार यायला १५ वर्षं लागली, यावरून अंदाज करा.

यात एक मेख आहे. वाटाघाटीत तुम्ही उत्पादनावर टक्केवारी मागू शकता. प्रकरण ट्रिब्युनलकडे गेलं की त्याला नफ्यावर, उत्पन्नावर किंवा काढलेल्या मालावर आधारित मोबदल्याची अट घालताच येत नाही. म्हणजे सहा महिने उलटले की कंपनीचं नुकसान फारसं नाही, लोकांच्या हातातला हुकमी पत्ता मात्र जातो. करार कमी पैशांत का केला असं लोक विचारतात तेव्हा बरेचदा उत्तर या सहा महिन्यांत दडलेलं असतं. आणि ते कोणी त्यांना समजावून सांगितलेलं नसतं.

शोधकामाच्या परवान्याला तर बहुतेक वेळा "एक्स्पीडाइटेड" असा शिक्का असतो : यात फारसं नुकसान नाही, म्हणून वाटाघाटीची गरज नाही असं सरकारचं म्हणणं. त्यावर हरकत घ्यायला चार महिने. माझ्या आधीच्या एका संस्थेत, नाव नको, ऑक्टोबरात आलेली अशी नोटीस पोस्टाच्या पेटीत राहिली. मॅनेजर सोडून गेले होते, नवे आले नव्हते. मग नाताळ, मग जानेवारीची उन्हाळी सुट्टी. मी फेब्रुवारीच्या शेवटी पाकीट उघडलं तेव्हा नऊ दिवस उशीर झाला होता. परवाना निघाला, आणि ज्या ओढ्याकाठी पोरांना पोहायला नेत त्याच्या शेजारून ड्रिलिंगची गाडी गेली. मला कोणी रागावलं नाही. एका काकांनी फक्त विचारलं, "कागद कुठे होता?" तेव्हापासून मी प्रत्येक नोटिशीची तारीख ऑफिसच्या फ्रिजच्या दारावर लाल पेनने लिहिते. कॉम्प्युटरवरही असते, पण फ्रिज सगळे उघडतात.

पैशांकडे येते, कारण तुमच्या निम्म्या फोनांचं मूळ तेच आहे.

कराराचा पैसा बहुतेक ठिकाणी पीबीसीकडे येतच नाही. तो एका वेगळ्या ट्रस्टमध्ये जातो, तिथे वेगळे ट्रस्टी, वेगळी दस्तावेजाची भाषा, लाभार्थ्यांची वेगळी व्याख्या. ट्रस्ट धर्मादाय असेल तर शिक्षण, औषधपाणी, अंत्यविधी, घरदुरुस्ती अशा कारणांसाठी देता येतं, मात्र प्रत्येकाला वाटून टाकता येत नाही. तेव्हा हक्कदार, पीबीसीचे मेंबर, बोर्ड आणि ट्रस्टचे लाभार्थी अशी चार वर्तुळं झाली. ती एकमेकांवर येतात, पण तंतोतंत कधीच जुळत नाहीत. फोनवरचा माणूस चारही वर्तुळांना एकच शब्द वापरतो : "कॉर्पोरेशन". तो शिव्या देतो ट्रस्टच्या निर्णयाला आणि त्या पडतात तुमच्या कानावर. मी फोनवर पहिलं वाक्य हेच म्हणते, "आंटी, हा पैसा कोणत्या पेटीतला ते आधी बघू या." निम्मा राग तिथे उतरतो. उरलेला निम्मा खरा असतो, तो लिहून घ्यायचा.

लोक नुकसानभरपाईबद्दलही विचारतात, कारण बातम्यांत मोठे आकडे येतात. ठोस उदाहरण टिंबर क्रीकचं. नॉर्दर्न टेरिटरीतल्या या छोट्या गावात सरकारने केलेल्या रस्ते, जमीनवाटप वगैरे कामांमुळे न्गालीवुर्रू आणि नुंगाली लोकांच्या हक्कांना धक्का बसला होता. हायकोर्टाने १३ मार्च २०१९ रोजी एकूण २५,३०,३५० डॉलर ठरवले. त्यात जमिनीच्या आर्थिक किमतीचे फक्त ३,२०,२५०, फ्रीहोल्ड किमतीच्या निम्म्या दराने. ९,१०,१०० व्याज. आणि १३ लाख डॉलर सांस्कृतिक हानीचे, म्हणजे त्या जागेशी असलेलं नातं तुटल्याचे. कोर्टाने पुराव्यात पाहिलं की एका ठिकाणचं नुकसान त्या एका ठिकाणापुरतं राहत नाही, स्वप्नकाळाच्या, म्हणजे आद्य पूर्वजांच्या प्रवासाच्या, कथांचे मार्ग तिथून पुढे जातात. हा हिशेब मला आजही विलक्षण वाटतो. मार्च २०२५ मध्ये गोव्ह द्वीपकल्पातल्या बॉक्साइट खाणींबाबत गुमाज लोकांच्या बाजूने आणखी एक मोठा निकाल आला : नेटिव्ह टायटल हीसुद्धा राज्यघटनेने संरक्षण दिलेली मालमत्ता आहे, ती केंद्राने घेतली तर न्याय्य मोबदला द्यावा लागेल. तो खटला उभा करणारे गालार्वुय युनुपिंगू एप्रिल २०२३ मध्ये वारले. पुन्हा तेच, निकाल ऐकायला माणूस नाही. तुमच्या मेंबरांना उद्याच चेक येईल असं मात्र यावरून कोणी सांगत असेल, तर तसं नाही. प्रत्येक समूहाला आपापलं नुकसान स्वतंत्रपणे सिद्ध करावं लागतं.

संमती एकदा घेतली की काम संपलं, असं वाटण्याचा धोकाही असतो. जुकन गॉर्जचं नाव तुम्ही ऐकलं असेल, ते पिल्बारातच आहे. पुतू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांच्या मुलुखातल्या तिथल्या शैलाश्रयांत ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराचे पुरावे होते. २४ मे २०२० रोजी रिओ टिंटो या खाणकंपनीने लोहखनिजासाठी ते सुरुंगाने उडवले. कायदेशीर परवानगी होती : १९७२ च्या वारसा कायद्याच्या कलम १८ खाली, २०१३ मध्ये मंत्र्यांनी दिलेली. त्यानंतर २०१४ च्या उत्खननात जागेचं खरं महत्त्व पुढे आलं, वेणीसारखे विणलेले ४,००० वर्षांपूर्वीचे मानवी केस सापडले, आजच्या लोकांशी डीएनएचं नातं जुळलं. पण दिलेली परवानगी नव्या माहितीवर पुन्हा उघडायची सोय कायद्यात नव्हती, आणि आधीच्या करारातल्या अटींमुळे लोकांना उघड ओरडताही येत नव्हतं, हे संसदीय चौकशीत पुढे आलं. कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना जावं लागलं. गुहा गेल्या त्या गेल्या.

म्हणून मी आता कोणत्याही कराराच्या सभेत दोन गोष्टी लोकांसमोर मोठ्याने वाचते : हे पुन्हा तपासायचं कलम आहे का, आणि नंतर बोलायला बंदी आहे का. वकिलांना ते आवडत नाही, सभा लांबते. लांबू दे.

आणि समूह एकमुखी असतो हा गैरसमजही ठेवू नका. यिंडजिबार्न्डी लोकांचं प्रकरण सार्वजनिक आहे : लोहखनिजाच्या कंपनीशी करार करायचा की नाही यावरून समाज दोन संस्थांत दुभंगला, भाऊ भावासमोर कोर्टात उभा राहिला. २०१७ मध्ये फेडरल कोर्टाने त्यांना त्या कंपनीच्या, म्हणजे फोर्टेस्क्यूच्या, खाणीच्या भागावरही एक्स्क्लुझिव्ह हक्क मान्य केला, २०२० मध्ये हायकोर्टाने कंपनीचं पुढचं अपील ऐकायला नकार दिला. कायद्याची लढाई जिंकूनही घरातली भेग भरायला किती वर्षं लागतात हे मी जवळून पाहिलंय, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. तुम्ही राहता त्या पर्थची जमीन नूंगर लोकांची. राज्य सरकारशी झालेल्या त्यांच्या समझोत्यातही २०१७ मध्ये पेच आला होता. दावेदार म्हणून नेमलेल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात, एकही राहिली तर करार नोंदवता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं. संसदेने त्याच वर्षी घाईने कायदा बदलला, आणि तेव्हापासून अशा करारांना बहुमताच्या सह्या पुरतात. काम सोपं झालं हे खरं, पण ज्यांनी सही नाकारली त्यांचं म्हणणं ऐकायची सक्ती कमी झाली, हेही तितकंच खरं. दोन्ही बाजूंची माणसं मला भेटली आहेत आणि दोघांचंही पटतं.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते.

रूलबुक काढा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पीबीसीच्या रूलबुकात मेंबर नसलेल्या हक्कदारांशी होणारे वाद कसे सोडवायचे याची तरतूद असावी लागते, आणि पात्र हक्कदाराला मेंबरशिप मनमानीपणे नाकारता येत नाही. मॅनेजरांना ते पान दाखवा, वाद न घालता, चहा पिताना. तुमची प्रत जुनी वाटली तर ऑरिकच्या सार्वजनिक नोंदवहीत रूलबुक आणि वार्षिक कागदपत्रं फुकट बघता येतात. मग त्या बाईंना फोन करा. त्या कोणाच्या नात, हे तुम्ही ठरवू नका, ते तुमचं काम नाही आणि माझंही नाही. फक्त फॉर्म पाठवा, पुढच्या सभेची तारीख सांगा, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून चेअरमनांकडे द्या.

सभासदांना पाठवायच्या पत्रकात तुम्ही मदत करता असंही लिहिलंय. त्यात "कॉर्पोरेशनने ठरवलं" हे वाक्य कधीही लिहू नका. "अमुक तारखेला अमुक गावच्या सभेत हक्कदारांनी ठरवलं" किंवा "बोर्डाने ठरवलं" किंवा "ट्रस्टींनी ठरवलं", तिन्हींपैकी जे खरं असेल ते. लिहिताना अडखळलात, तर समजा की गोष्ट तिथेच अडली आहे. कोणी वारलं असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय नाव किंवा फोटो छापायचा नाही, जुन्या अंकातला फोटो पुन्हा वापरतानाही नाही.

शेवटचं, वार्षिक सभेचं. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, सभा पाच महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आत, आणि नोटीस किमान २१ दिवस आधी. आता समजा नोटीस गेली, हॉल ठरला, जेवण सांगितलं, आणि आदल्या आठवड्यात कोणी ज्येष्ठ वारलं. या शोकाच्या काळाला इथे सॉरी बिझनेस म्हणतात. सभा होत नाही. तुम्ही आकडे घेऊन तयार असाल आणि चिडाल, मीही चिडले होते. चिडू नका, ऑरिककडे मुदतवाढीचा अर्ज करा, ती मिळते. हॉलची अनामत रक्कम मात्र परत मिळत नाही, म्हणून ती बजेटमध्ये वेगळ्या ओळीत धरा. मी तिला "दुसरी तारीख" असं नाव दिलंय, आणि गेल्या सहा वर्षांत ती ओळ चार वेळा वापरली.